रक्तातील एक अक्षर

डोंगरउताराच्या वरकसात नाचणी आणि वरई, आणि खाली पाणी धरून ठेवणाऱ्या खाचरात भात, हे डोकमर्डीपासून खानवेल-दुधनीपर्यंतच्या कोणाही शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. जमिनीचा पोत पाहून तो बियाणे निवडतो. वैद्यकशास्त्राने मात्र पुष्कळ काळ एकच बियाणे सर्व शेतांत पेरले, असे म्हटल्यास फारसे वावगे होणार नाही. ताप आला की अमुक गोळी, दुखू लागले की तमुक गोळी. परंतु ती घेणारा कोण, त्याच्या देहाची घडण कशी, आईबापांच्या रक्तातून त्याच्या वाट्यास काय आले आहे, याची विचारपूस क्वचितच होई. पुष्कळांस गुण येई, काहींस येत नसे, आणि एखाद्यास तीच गोळी बाधे.

ही विचारपूस करणारी जी नवी विद्या आता उभी राहत आहे, तिला इंग्रजीत ‘प्रिसिजन मेडिसिन’ म्हणतात. आम्ही तिला ‘नेमके वैद्यक’ म्हणू. मानवी देहातील आनुवंशिक मजकूर, म्हणजे सुमारे तीनशे कोटी अक्षरांची ती लांबलचक पोथी, वाचून काढण्याचे काम १९९० साली हाती घेतले गेले व २००३ साली पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. २०१५ साली अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष ओबामा यांनी याच नावाचा मोठा सरकारी उपक्रम सुरू केला, तेव्हापासून हा शब्द सर्वतोमुखी झाला. आता या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण देश-विदेशांतील विद्यापीठांतून मिळू लागले आहे. हे शिक्षण आमच्या गावांतील मुलामुलींनी घ्यावे काय, आणि घ्यावे तर का, याविषयी आज वाचकांशी थोडे सविस्तर बोलावयाचे आहे.

‘फादर, हे मुंबई-पुण्याच्या श्रीमंतांचे विषय, आम्हांस काय त्यांचे?’ असे कोणी म्हणेल. परंतु या विद्येचा श्रीगणेशा ज्या रोगाच्या अभ्यासातून झाला, तो रोग श्रीमंतांच्या बंगल्यांत कमी आणि आमच्या पाड्यांवर अधिक आहे. तो रोग म्हणजे सिकलसेल.

निरोगी रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या व लवचीक असतात. या रोगात त्या विळ्याप्रमाणे वाकड्या व ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हातापायांत, पाठीत, छातीत जो ठणका उठतो, तो ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांस आम्ही वर्णन करून सांगण्याची गरज नाही. असले वेदनांचे झटके येणाऱ्या लेकरास ‘बाहेरची बाधा’ म्हणून भगताकडे नेल्याची उदाहरणे आमच्या पाहण्यात आहेत, आणि ‘कामचुकार’ म्हणून मारल्याचीही आहेत.

या विकाराचे पहिले वैद्यकीय वर्णन १९१० साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी केले. त्यांचा रुग्ण ग्रेनाडा बेटावरून आलेला एक विद्यार्थी होता. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी दाखवून दिले की, दोष रक्तातील हिमोग्लोबिन या एकाच द्रव्याच्या घडणीत आहे. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी त्या द्रव्याच्या लांब साखळीतील एकच कडी बदललेली असल्याचे सिद्ध केले. तीनशे कोटी अक्षरांत अवघे एक अक्षर चुकलेले! तेवढ्याने मुलाचे बालपण अंथरुणात जाते.

आमच्या देशात हा दोष १९५२ साली प्रथम निलगिरीच्या डोंगरी जमातींत आढळला. त्यानंतर जसजशी तपासणी होत गेली, तसतसे दिसून आले की, मध्य व पश्चिम भारताच्या मोठ्या आदिवासी पट्ट्यात तो ठिकठिकाणी आहे. सुरत-वलसाडपासून आमच्या नगर हवेलीवरून पालघरपर्यंत धोडिया, दुबळा, गामित, कोकणा, वारली अशा जमातींत त्याचे वाहक कमीअधिक प्रमाणात सापडतात. अनुसूचित जमातींत जन्मणाऱ्या दर ८६ बालकांमागे सुमारे एकास हा रोग असतो, असा केंद्र सरकारचा अंदाज आहे. हे अक्षर आमच्याच लोकांत का टिकले, याचेही उत्तर मिळाले आहे. १९५४ साली, म्हणजे सिल्वासा पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाले त्याच वर्षी, अँथनी अ‍ॅलिसन या शास्त्रज्ञाने आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखविले की, ज्याच्याजवळ या दोषाची एकच प्रत आहे, त्यास घातक हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. हिवतापाच्या रानात पिढ्यान् पिढ्या जगलेल्या पूर्वजांस जी ढाल लाभली, तिचीच दोन्ही बाजूंनी धार लागली म्हणावयाची.

‘एक प्रत’ आणि ‘दोन प्रती’ हा भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण येथेच आमच्या गावांतून पुष्कळ गैरसमज व पुष्कळ अन्याय होतो. आणि हा भेद प्रथम ज्याने उलगडला, तो ख्रिस्तसभेचाच एक व्रतस्थ होता, हे सांगताना आम्हांस आनंद वाटतो. ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठातील ग्रेगोर मेंडेल यांनी मठाच्या बागेत वर्षानुवर्षे वाटाण्याची हजारो रोपे वाढविली, उंच रोपाशी बुटक्याचा, पिवळ्या दाण्याशी हिरव्याचा संकर केला आणि प्रत्येक पिढीतील दाणे चिकाटीने मोजले. १८६५ साली त्यांनी आपले निष्कर्ष वाचून दाखविले, १८६६ साली ते छापले गेले, आणि पुढे चौतीस वर्षे त्यांकडे बहुतेक कोणी ढुंकूनही पाहिले नाही. शिक्षक होण्याच्या परीक्षेत हे मेंडेल दोन वेळा अपयशी ठरले होते, हे आमच्या नापास विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यास हरकत नाही. मात्र ते नापास झाले म्हणून थोर झाले, असा अर्थ कोणी काढू नये.

मेंडेलचा हिशेब आमच्या घरांस असा लागू पडतो. प्रत्येक गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून व एक बापाकडून. एक प्रत दोषी व एक चांगली असेल, तर तो मनुष्य ‘वाहक’. तो आजारी नव्हे. तो नांगर धरील, कारखान्यात पाळी करील, लेकरे वाढवील. वाहकाचा विवाह दोष नसलेल्या व्यक्तीशी झाला, तर त्यांच्या एकाही मुलास सिकलसेलचा रोग होत नाही. दोघेही वाहक असतील, तरच प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी चारांत एक शक्यता रोगी मुलाची, चारांत दोन वाहकाची आणि चारांत एक पूर्णपणे दोषमुक्त मुलाची असते. ‘पहिले रोगी झाले, आता पुढची तीन सुटली’ असे मानणे चूक आहे. प्रत्येक वेळी चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात.

आता यातून घडते काय ते पाहा. लग्न ठरलेल्या दोघांची चाचणी झाली आणि मुलगी वाहक निघाली. मुलगा निर्दोष होता, म्हणजे भीतीचे कारणच नव्हते. तरी वडीलधाऱ्यांनी ‘रक्त वाईट’ म्हणून सोयरीक मोडली, आणि ती गोष्ट चार पाड्यांवर गेली. मुलाकडे वाहकपण निघते तेव्हा मात्र कागद पेटीत ठेवला जातो! हा न्याय नव्हे. ख्रिस्तसभेच्या कायद्यात वाहक असणे हे विवाहास आडकाठी नाही, हे आम्ही येथे स्पष्ट लिहून ठेवतो. दोघेही वाहक असल्यास त्यांनी डोळे उघडे ठेवून, परस्परांस सर्व सांगून व डॉक्टरांचा सल्ला घेऊन निर्णय करावा. त्यांनी विवाह केलाच, तर जन्मणाऱ्या बाळाची लगेच चाचणी करून घ्यावी. कारण लहानपणीच रोग कळला, वेळेवर लसी, पेनिसिलिन व इतर औषधे मिळाली, तर अशा मुलांचे आयुष्य पुष्कळ सुसह्य होते. आणि मूल रोगी असले तरी ते परमेश्वराचेच लेकरू आहे, हे आईबापांस समजावणे आमचे काम आहे.

या पट्ट्यात या कामासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत शेजारच्या वलसाडचे यझदी इटालिया यांचे नाव घेतलेच पाहिजे. गुजरात सरकारने २००६ साली सिकलसेल नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला, त्याच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा आहे. २०२४ साली त्यांस पद्मश्री मिळाली. पुढे १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या रोगाचे उच्चाटन, असा तिचा संकल्प आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींहून अधिक लोक तपासून झाले होते.

तपासणी झाली, परंतु पुढे काय? येथेच नेमक्या वैद्यकाच्या शिकलेल्या माणसांचे काम लागते. हायड्रॉक्सियुरिया या औषधाचेच उदाहरण घेऊ. अमेरिकेत आफ्रिकी वंशाच्या रुग्णांवर अभ्यास होऊन त्याची मात्रा ठरली होती. भारतातील सिकलसेलची घडण मात्र थोडी निराळी आहे: येथील पुष्कळ रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जन्मानंतरही अधिक प्रमाणात टिकून राहते आणि ते विळ्यांची धार काहीशी बोथट करते. मग येथे मात्राही तीच हवी काय? नागपूरच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन व त्यांचे सहकारी यांनी शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे दररोज अवघे १० मिलिग्रॅम, अशी कमी मात्रा मुलांना देऊन पाहिली, आणि २०१२ साली प्रसिद्ध केले की, तेवढ्यानेही वेदनांचे झटके पुष्कळ कमी होतात. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च व कमी अपाय. हा शोध विदर्भातल्या मुलांच्या खाटांजवळ बसून लागला. परदेशी ग्रंथात तो सापडला नसता.

दुसरे उदाहरण हिवतापाचे. एका प्रकारचा हिवताप यकृतात दडून राहतो व महिन्यांनी परत येतो. त्याचे मूळ उखडण्यास प्रायमाक्वीन देतात. परंतु काही माणसांच्या रक्तात जी-६-पी-डी नावाचे एक द्रव्य जन्मतःच कमी असते, आणि अशांस ही गोळी दिली तर तांबड्या पेशी फुटून लघवी काळपट होते व जीव धोक्यात येतो. १९५६ साली याचे कारण कळले. रानात हिवताप जेथे फार, तेथेच हा दोषही अधिक. गोळी तीच, एकास तारते, दुसऱ्यास मारते.

आमच्या मराठी माणसांनी या विद्येत पूर्वीच हात घातलेला आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांस असे रक्त सापडले की, जे ज्ञात असलेल्या कोणत्याच गटाशी जुळेना. जगात आज तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. त्या गटाच्या मनुष्यास त्याच गटाचे रक्त लागते, दुसरे दिल्यास घात होतो. १९५७ साली मुंबईत रक्तगटांच्या अभ्यासाचे जे केंद्र निघाले, तेच पुढे परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था झाले. तेथे सिकलसेलवर संशोधन चालते.

तेव्हा आमचे म्हणणे असे की, या विद्येस आमच्या मुलांची गरज आहे. जगातील बहुतेक आनुवंशिक अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेला आहे. आमच्या देशाने दहा हजार व्यक्तींची संपूर्ण आनुवंशिक पोथी वाचली व २०२५ च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांस खुली केली, ही मोठीच गोष्ट. तथापि पाड्यावर जाऊन म्हातारीला तिच्या बोलीत ‘हे रक्त कशासाठी घेतो, याचे पुढे काय होईल’ हे सांगणारा मनुष्य दहा हजार पोथ्यांतून निर्माण होत नाही. रक्त घेऊन गेले आणि निकाल सांगावयास कोणी फिरकले नाही, असे एका पाड्यावरील लोकांनी आम्हांस सांगितले होते. पुढच्या खेपेस तेथे कोणी दंड पुढे केला नाही. वारली-कोकणी बोलणारी मुलगी पांढरा कोट घालून तेथे गेली असती, तर असे झाले नसते.

मार्ग कोणता? तो लांब आहे, हे प्रथमच सांगतो. डॉक्टर होऊन जावयाचे, तर बारावीनंतर नीट ही परीक्षा, मग इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे एम.बी.बी.एस., तीन वर्षे एम.डी., आणि त्यावर वैद्यकीय आनुवंशिकीची तीन वर्षांची डी.एम. पदवी. लखनऊची संजय गांधी संस्था आणि दिल्लीची एम्स येथे ती मिळते. एकूण साडेअकरा वर्षे! परंतु पहिली पायरी आता दारात आली आहे. नगर हवेलीत पूर्वी वैद्यकीय महाविद्यालयच नव्हते. २०१९ साली नमो वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, २०२३ च्या एप्रिलात सायली येथील त्याच्या वास्तूचे उद्घाटन झाले आणि २०२५ च्या मार्चमध्ये ४५० खाटांच्या नमो रुग्णालयाचेही. नीट परीक्षा मराठीत व गुजरातीतही देता येते. मात्र मराठी प्रश्नपत्रिका हवी असल्यास परीक्षाकेंद्र महाराष्ट्रातील निवडावे लागते. बंगळूरचे सेंट जॉन्स महाविद्यालय भारतातील महागुरूस्वामींच्या परिषदेने १९६३ साली स्थापिले. तेथे कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी जागा राखलेल्या असतात.

दुसरा मार्ग विज्ञानाच्या पदवीचा. बी.एस्सी. करून जैवतंत्रज्ञान, आनुवंशिकी किंवा जैवमाहितीशास्त्र यांत दोन वर्षांची एम.एस्सी., आणि बुद्धी व चिकाटी असेल तर पुढे पीएच.डी. जैवतंत्रज्ञानाच्या एम.एस्सी.साठी गॅट-बी ही अखिल भारतीय प्रवेशपरीक्षा असते. तीतून मिळणाऱ्या जागांवर सरकार विद्यावेतन देते. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आम्हांस जवळचे. ज्यांस मनुष्यांशी बोलण्याची हातोटी आहे, त्यांच्यासाठी आनुवंशिक सल्लागाराचे काम आहे. परिचारिका झालेल्या मुलींनी याचा अवश्य विचार करावा. ‘प्रिसिजन मेडिसिन’ असे चकचकीत नाव छापून लाखांची फी मागणाऱ्या अभ्यासक्रमांच्या जाहिरातींस मात्र लगेच भुलू नये. पाया जीवशास्त्राचा, रसायनाचा व गणिताचा हवा. थुंकी तपासून ‘तुमचे मूल इंजिनियर होईल की गायक’ ते सांगणाऱ्यांची तर गोष्टच सोडा. तो भगताचाच धंदा, फक्त वातानुकूलित खोलीत.

आमच्या पालकांची खरी अडचण आम्ही जाणतो. अठराव्या वर्षी सिल्वासाच्या कारखान्यात लागलेला मुलगा पहिल्याच महिन्यात पगार आणतो. तिशीपर्यंत शिकणारा घरातून नेतो. मुलीबद्दल तर ‘इतकी शिकली तर नवरा कोठून आणावा’ हा प्रश्न ठरलेला. सर्वच मुलांनी हा मार्ग धरावा, असे आम्ही म्हणत नाही. धर्मग्रामातून दहा वर्षांत एक-दोन निघाली तरी पुरे. परंतु तेवढ्यांस तरी आईबापांनी अडवू नये.

या विद्येच्या वाटेवर विवेकाची परीक्षाही द्यावी लागते, हे लपवून चालणार नाही. १९५९ साली फ्रान्सचे डॉ. जेरोम लेज्युन यांनी डाउन्स विकाराचे आनुवंशिक कारण प्रसिद्ध केले. त्यांस आशा होती उपचाराची; जगाने त्या शोधाचा उपयोग अशी मुले गर्भातच वेचून मारण्यासाठी केला. हा श्रद्धाळू कॅथलिक शास्त्रज्ञ त्याविरुद्ध आयुष्यभर झगडला, मानमरातबास मुकला, आणि २०२१ साली ख्रिस्तसभेने त्यास ‘पूजनीय’ घोषित केले. सिकलसेलच्या बाबतीतही गर्भाची तपासणी करून गर्भपाताचा सल्ला दिला जातो. गर्भाच्या रक्षणासाठी व उपचारासाठी केलेली तपासणी ख्रिस्तसभेस मान्य आहे. मारण्याच्या हेतूने केलेली मान्य नाही, हे १९८७ च्या धर्मपत्रकात स्पष्ट आहे. आमच्या विद्यार्थ्यास एके दिवशी वरिष्ठांसमोर ‘हे मी करणार नाही’ असे म्हणावे लागेल. तेवढा कणा घरातूनच न्यावा लागतो.

परंतु ख्रिस्तसभा या विद्येच्या विरुद्ध आहे, असे कोणी समजू नये. पोप बारावे पायस यांनी १९५३ सालीच आनुवंशिकीच्या वैद्यांसमोर भाषण केले होते. २००८ च्या पत्रकानुसार रुग्णाच्या स्वतःच्या पेशींतील दोष उपचारासाठी दुरुस्त करणे हे तत्त्वतः ग्राह्य आहे. पुढील पिढ्यांत उतरेल असा बदल करणे मात्र आज ग्राह्य नाही. हा भेद केवळ शास्त्रार्थाचा राहिलेला नाही. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिका यांनी सिकलसेलवरील अशा पहिल्या उपचारास मान्यता दिली: रुग्णाच्या अस्थिमज्जेतील पेशी बाहेर काढून, त्यांत दुरुस्ती करून त्या परत दिल्या जातात. अमेरिकेतील किंमत बावीस लाख डॉलर! आमच्या एकाही घरास ती परवडणारी नाही. तथापि १९०० साली डॉ. आयडा स्कडर यांनी आरंभिलेल्या वेल्लोरच्या ख्रिस्ती रुग्णालयातील डॉक्टरांनी रक्त न गोठण्याच्या विकारावर जनुकीय उपचार पाच रुग्णांस यशस्वीपणे दिल्याचे २०२४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या सरकारी संस्थेने सिकलसेलवरील स्वदेशी जनुकीय उपचार जाहीर केला. त्यास बिरसा मुंडा यांचे नाव दिले आहे, व पुढील काम पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सहकार्याने व्हावयाचे आहे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची पीएच.डी.ची शिष्यवृत्ती आहे, आणि परदेशी उच्च शिक्षणासाठी दरवर्षी वीस जागांची निराळी शिष्यवृत्ती आहे. जमातीचा दाखला धर्मावरून ठरत नाही. ख्रिस्ती आदिवासी मुलास तो मिळतो, या बाबतीत कोणी भलते सांगितल्यास आम्हांस येऊन विचारावे. दाखला व उत्पन्नाचे कागद आधीच काढून ठेवावेत, कारण त्यांवाचून अर्ज परत येतो. दहावीच्या मुलांनी गणितास कंटाळून ते सोडू नये. या विद्येचे निम्मे काम संगणकावर चालते. आणि ज्यांच्या घरी यंदा लग्ने आहेत, त्यांनी वधूवर दोघांचीही सिकलसेलची चाचणी सोयरीक ठरण्यापूर्वीच सरकारी रुग्णालयात करून घ्यावी, आणि कागद दोन्ही घरच्यांनी एकमेकांस दाखवावेत.